मीठ पोत्यात ठेवण्यासाठी नसते

सामान्य काळातील पाचवा रविवार, ८ फेब्रुवारी २०२६
वाचने : यशया ५८:७-१०, १ करिंथ २:१-५, मत्तय ५:१३-१६



येत्या दहा-बारा दिवसांत आपल्या परिसरात तीन उपवास येत आहेत. पुढच्या रविवारी, १५ फेब्रुवारीला, आपले हिंदू शेजारी महाशिवरात्रीचा उपवास करतील. बुधवारी, १८ तारखेला, राखेचा बुधवार आहे. त्या दिवशी आपण कपाळावर राख घेऊन चाळीस दिवसांच्या उपवासकाळात प्रवेश करू. आणि चंद्रदर्शन झाले की त्याच सुमारास मुस्लिम बांधवांचा रमजान महिना सुरू होईल. एकाच इमारतीत एका घरी साबुदाण्याची खिचडी शिजेल, दुसऱ्या घरी शुक्रवारी मटण येणार नाही आणि तिसऱ्या घरी सहरीसाठी पहाटे चारलाच दिवा लागेल.

अशा वेळी आजचे पहिले वाचन उपवासाच्याच अध्यायातून आलेले आहे. शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्याला पृथ्वीचे मीठ आणि जगाचा प्रकाश म्हणत आहे. ही वाचने एकत्र ठेवून आज एका प्रश्नावर मनन करू या. रविवारच्या मिस्सेला आपण ख्रिस्ती असतो, हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण देवळाच्या फाटकाबाहेर, जिथे आपले शेजारी बहुसंख्येने अन्यधर्मीय आहेत, तिथे आपण कोण आहोत?

देवाला आवडणारा उपवास

आज आपण यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातली चारच वचने ऐकली. घरी गेल्यावर हा अध्याय पहिल्या वचनापासून अवश्य वाचा. लोक बाबेलच्या बंदिवासातून परतले आहेत. यरुशलेम मोडून पडले आहे आणि माणसांची मने खचली आहेत. ते उपवास करतात, गोणपाट नेसतात, राखेत बसतात आणि देवाकडे तक्रार करतात की आम्ही एवढे कष्ट घेतो, पण तुझे आमच्याकडे लक्षच नाही. देवाचे उत्तर कठोर आहे. उपवासाच्या दिवशीही तुम्ही आपलाच फायदा पाहता, मजुरांना राबवून घेता आणि उपवास करता करता भांडता, असे तो त्यांना सुनावतो.

मग देव त्याला आवडणारा उपवास सांगतो. काय खावे आणि काय खाऊ नये याची यादी त्यात नाही. भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्या, बेघराला घरात घ्या, उघड्याला वस्त्र द्या, आणि शेवटी, आपल्या माणसाकडे पाठ फिरवू नका. 'आपला माणूस' यासाठी मूळ हिब्रू भाषेत 'बसार' हा शब्द आहे. त्याचा अर्थ मांस, म्हणजे आपल्याच हाडामांसाचा माणूस. हा शब्द संदेष्ट्याने भुकेला, बेघर आणि उघडा यांच्या रांगेत ठेवला आहे. दारात उभा असलेला अनोळखी माणूसही तुझ्याच हाडामांसाचा आहे, हे त्यातून ध्वनित होते.

हे वचन आता आपल्या दारापर्यंत आणू या. आपली वसई झपाट्याने बदलली. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली होती. त्यानंतर ती किती वाढली याचा अनुभव आपण रोज सकाळी लोकलमध्ये घेतो. कोकणातून, मराठवाड्यातून, गुजरातमधून, उत्तर प्रदेश-बिहारमधून माणसे पोटासाठी इथे आली. आपल्यापैकी पुष्कळांनी वाडीच्या कडेला चार खोल्या बांधून भाड्याने दिल्या आहेत. त्यात गैर काही नाही, कारण नुसत्या केळी-भाजीवर आज घर चालत नाही. पण त्या खोलीत राहणाऱ्या माणसाचे नाव आपल्याला माहीत आहे का? त्याची मुले कोणत्या शाळेत जातात, त्याच्या बायकोला बाळंतपणात कोणी सोबत होते का, याची कधी चौकशी केली आहे का? दर महिन्याला भाडे वेळेवर मोजून घ्यायचे आणि संध्याकाळी ओट्यावर बसून 'बाहेरच्यांनी गाव बिघडवले' म्हणायचे, या दोन गोष्टी एकाच तोंडाला शोभत नाहीत.

आपलीही मुले आखाती देशांत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेली आहेत. तिथे ती 'बाहेरची'च असतात. तिथल्या घरमालकिणीने आपल्या मुलीला आजारपणात गरम सूप नेऊन दिले की इथे आईच्या डोळ्यांत पाणी येते. तीच आई इथे स्वतः घरमालकीण असते, तेव्हा तिच्या खोलीतल्या मुलीचीही कोणी आई दूर गावी फोनची वाट पाहत असते.

मीठ आणि मिठाची रास

वसईकरांना मीठ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. नायगाव, जुचंद्र, राजावलीकडची मिठागरे आपण गाडीतून येता-जाता पाहिली आहेत. खाडीचे पाणी आत घेतात, ते उन्हात आटते, मीठ धरते, मग ते ओढून त्याच्या राशी करतात. पांढऱ्याशुभ्र राशी दुरून फार सुंदर दिसतात. पण जिथे रास पडते तिथे गवताची काडीही उगवत नाही. त्याच राशीतले चिमूटभर मीठ कालवणात पडले तर घरातली सगळी माणसे पोटभर जेवतात. आणि जेवताना कोणीही 'मीठ छान आहे' असे म्हणत नाही. 'कालवण छान झालंय' असेच म्हणतात.

प्रभू येशू शिष्यांना मीठ होण्याची आज्ञा देत नाही, तुम्ही मीठ आहातच, असे तो सांगतो. आणि कशाचे मीठ? पृथ्वीचे. मंदिराचे किंवा सभास्थानाचे मीठ असे तो म्हणत नाही. डोंगरावर त्याच्यासमोर बसलेली माणसे कोळी, शेतकरी, मजूर अशी साधी होती. त्यांच्या हाती त्याने सगळी पृथ्वी सोपवली.

या मिठाला दोन रोग होऊ शकतात. पहिला रोग म्हणजे पोत्यातून बाहेरच न पडणे.

आपले धर्मग्राम संघटित आहे, याबद्दल देवाचे आभार मानू या. लहान ख्रिस्ती समूह आहेत, गायकवृंद आहे, युवक संघटना आहे, महिला मंडळ आहे. पण याच संघटनेचा एक दुष्परिणामही होऊ शकतो. आपले मूल आपल्या शाळेत जाते, आपल्याच मैदानावर खेळते, आपल्याच समूहाच्या सहलीला जाते, आपल्याच माणसांच्या लग्नांना जाते आणि बाप्तिस्म्यापासून साखरपुड्यापर्यंत एकदाही अन्यधर्मीय शेजाऱ्याच्या घरात मांडी घालून जेवत नाही. मग त्या शेजाऱ्याविषयी त्याला जे कळते ते फक्त मोबाईलवर कोणीतरी पाठवलेल्या मजकुरातून. शेजाऱ्यालाही आपल्याविषयी तसेच कळते. दोन्हीकडे न पाहिलेल्या माणसाची भीती वाढत जाते.

आपल्या आजी-आजोबांचे जीवन असे नव्हते. कार्तिकात निर्मळच्या शंकराचार्यांच्या समाधिमंदिराची जत्रा भरली की आपली माणसेही जत्रेला जात. दिवाळीचा फराळ या घरातून त्या घरात जाई आणि नाताळात ताट भरून परत येई. पहाटे उठून आपल्या बायाबापड्यांनी खुडलेला सोनचाफा आणि जास्वंद दादरच्या फुलबाजारात पोहोचे आणि तिथून कुणाकुणाच्या देव्हाऱ्यात जाई. वसईचा दूधवाला बरण्या घेऊन मुंबईत ज्या दारांत उभा राहत असे, त्या दारांवर तोरणे होती, चाँदतारा होता, स्वस्तिक होते. दुधात पाणी नसले तर त्या घरात वसईच्या ख्रिस्ती माणसाचे नाव चांगले होई. धर्मशिक्षणाचे प्रमाणपत्र नसलेली ती माणसे विरघळलेले मीठ होती.

चव गेलेले मीठ

दुसरा रोग उलट बाजूचा आहे. मीठ पोत्यातून बाहेर पडते, सगळ्यांत मिसळते, पण त्याची चव गेलेली असते. शुभवर्तमानात 'मिठाचा खारटपणा गेला तर' असे आपण वाचतो. तिथे मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे, त्याचा अर्थ 'मूर्ख होणे' असाही होतो. चव गमावलेला शिष्य हा शहाणपण गमावलेला शिष्य आहे.

'सगळे धर्म शेवटी सारखेच, मग दर रविवारी मिस्सा कशाला?' असे आपल्यातले काही तरुण म्हणतात. त्यांच्या बोलण्यातला उदारपणा मला समजतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेच २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' हा दस्तऐवज दिला आणि इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे, त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, ही भूमिका घेतली. पण त्याच दस्तऐवजाने ख्रिस्त हाच मार्ग, सत्य आणि जीवन आहे हे घोषित करण्याचे आपले कर्तव्यही तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे. शेजाऱ्याच्या श्रद्धेचा आदर करायचा तर आधी आपली स्वतःची श्रद्धा हवी. ज्याच्या घरात काहीच नाही, तो पाहुण्याच्या पानात काय वाढणार?

शिवाय चव जाते ती नेहमी धर्मचर्चेत जात नाही. ती जमिनीच्या कागदपत्रांत जाते. निवडणुकीच्या आदल्या रात्री आलेल्या पाकिटात जाते. लग्नाच्या मांडवात कर्ज काढून वाहिलेल्या दारूत जाते. भावाचा हिस्सा दाबून बांधलेल्या बंगल्यात जाते. या सगळ्यांत आपण इतरांपेक्षा तसूभरही वेगळे नसलो, तर गळ्यातला क्रूस शेजाऱ्याला काय सांगणार? असे मीठ बाहेर टाकले जाते व माणसांच्या पायांखाली तुडवले जाते, असे प्रभू म्हणतो. लोक आपल्याला मान देत नाहीत अशी तक्रार करण्यापूर्वी आपली चव तपासून पाहणे बरे.

विरघळले, पण चव गेली नाही

हे दोन्ही रोग टाळता येतात का? येतात, हे दाखवणारी माणसे होऊन गेली. त्यांतला एक तर आपल्याच मातीतला आहे.

परवा, ६ फेब्रुवारीला, ख्रिस्तसभेने नागासाकीच्या सव्वीस हुतात्म्यांचा सण साजरा केला. त्यांत आपल्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया आहेत. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांकडे शिकलेला हा मुलगा त्यांच्यासोबत जपानला गेला आणि तिथली भाषा इतकी उत्तम शिकला की पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाल्यावर जपानमध्ये दुभाषा म्हणून त्याची निवड झाली. अनोळखी लोकांच्या भाषेत तो विरघळून गेला. पण ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्याला क्रुसावर चढवले गेले, तेव्हा त्याची चव गेलेली नव्हती. १८६२ साली त्याला संतपद जाहीर झाले.

दुसरा माणूस परदेशातून आपल्याकडे आला. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात उतरला. त्याने इथल्या लोकांची भाषा आत्मसात केली आणि १६१६ साली त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. ज्या ओवीत ज्ञानेश्वर आणि एकनाथ बोलले, त्याच ओवीत त्याने ख्रिस्ताची कथा सांगितली. ग्रंथाला नावही 'पुराण' असे दिले. मराठी वाचकाला त्यात काही परके वाटले नाही आणि ख्रिस्ताविषयी त्यात काही कमीही झाले नाही. आज आपण मराठीत मिस्सा अर्पण करतो, मराठीत गातो आणि मराठीत रडतो. ही वाट तयार करण्यात त्या इंग्रज माणसाचाही हात आहे. स्वतःच्या मुलांना मराठी वाचता येत नाही हे अभिमानाने सांगणाऱ्या आईवडिलांनी त्याची आठवण जरूर ठेवावी.

भीतीचे काय करायचे?

आता अनेकांच्या मनात एक प्रश्न आला असेल. 'फादर, हे सगळे खरे, पण दिवस कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे ना?' आपल्या देशात काही ठिकाणी प्रार्थनासभांत अडथळे आणले गेल्याच्या बातम्या येतात. आजाऱ्याची सेवा केली तरी 'यामागे हेतू काय?' असे विचारले जाते. घराच्या दारावरचा क्रूस काढावा का, असा विचार कुणाच्या मनात येऊन जातो. ही भीती खोटी आहे असे म्हणणे बरोबर होणार नाही.

आजचे दुसरे वाचन अशाच भीतीविषयी आहे. करिंथ हे बंदराचे, व्यापाराचे, नाना देवळांचे शहर. तिथे आलो तेव्हा मी अशक्त होतो, घाबरलेला होतो, थरथरत होतो, असे पौल मोकळेपणाने लिहितो. एवढ्या मोठ्या प्रेषिताला हे सांगायला लाज वाटली नाही. भीतीपोटी त्याने दोन गोष्टी मात्र केल्या नाहीत. तो लपून बसला नाही, आणि उसने अवसान आणून लोकांवर आवाजही चढवला नाही. क्रुसावर खिळलेल्या ख्रिस्ताखेरीज दुसरे काही जाणायचे नाही, एवढेच त्याने ठरवले.

आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येक नागरिकाला आपला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. ते आपल्या हक्काचे आहे आणि गरज पडेल तेव्हा शांतपणे, कायद्याने ते मागितले पाहिजे. पण कायदा आपल्या घराचे रक्षण करील, शेजाऱ्याचे मन जिंकून देणार नाही. त्यासाठी दिवा मापाखालून काढून दिवठणीवर ठेवावा लागतो. दिवा दिवठणीवर का ठेवायचा, तर घरातल्या सर्वांना उजेड मिळावा म्हणून, असे प्रभू येशू सांगतो. त्यातला 'सर्वांना' हा शब्द लक्षात ठेवा. उजेड घेणाऱ्याचा धर्म दिवा विचारत नाही.

वसईने हे प्रत्यक्ष पाहिले आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला आणि टँकरसाठी विहिरींचा बेसुमार उपसा होऊ लागला. किनाऱ्याजवळच्या विहिरीतून प्रमाणाबाहेर पाणी काढले की खारे पाणी आत शिरते आणि मग ती विहीर कोणाचीच राहत नाही. तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली हिंदू, ख्रिस्ती, मुस्लिम असे सगळे एकत्र आले आणि पुढे उभे होते 'सुवार्ता'चे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ही लढाई ख्रिस्ती लोकांची नव्हती, पाण्याची होती. पण एक धर्मगुरू त्यात का उतरला, हे लोकांनी पाहिले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून काहींनी विरोध केला. प्रकृती साथ देत नसतानाही ते गेले आणि आपल्या मनातले बोलले. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभूघरी गेले. आज कितीतरी अन्यधर्मीय घरांत बायबलविषयी जी आपुलकी आहे, ती त्यांच्या लेखणीमुळे आहे.

आपल्यासमोरचा एक निर्णय

आता आपल्याच धर्मग्रामातल्या एका प्रश्नाकडे येऊ या. उपवासकाळात आपण घराघरांतून जो निधी गोळा करतो, तो कोणासाठी वापरावा यावर गेल्या पालकीय समितीच्या बैठकीत बरीच चर्चा झाली. आपल्याच धर्मग्रामात डायालिसिसवर असलेले रुग्ण आहेत, एकटे पडलेले वृद्ध आहेत, फी भरू न शकणारी मुले आहेत. आधी घरचे पाहा, असे काही जणांचे म्हणणे पडले. रेल्वेलाइनजवळच्या वस्तीतली, बांधकामावरची कुटुंबेही आपल्या हद्दीत राहतात, त्यांचे काय, असे इतर काही जणांनी विचारले. आणि एकाने अगदी रास्त मुद्दा मांडला : 'आपण त्यांना मदत केली तर उद्या आमिष दाखवले म्हणतील. कशाला नसती आफत?'

समितीचा निर्णय अजून व्हायचा आहे. तोपर्यंत आपण सर्वांनी यावर प्रार्थनापूर्वक विचार करावा. त्यासाठी दोन गोष्टी ध्यानात ठेवू या.

पहिली गोष्ट. 'आधी घरचे' म्हणणाऱ्यांना पवित्र शास्त्राचा आधार आहे. गलतीकरांस लिहिताना (६:१०) पौल विश्वासाच्या घराण्यातील लोकांचा खास उल्लेख करतो. पण ते वचन पूर्ण वाचले पाहिजे. सर्वांचे बरे करा, असे तो प्रथम म्हणतो आणि मग घरच्यांचा विशेष उल्लेख करतो. घरचे पहिले असू शकतात, फक्त घरचेच असू शकत नाहीत. संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचा जन्म आठवा. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी ख्रिस्तसभेने जगासाठी काय केले यावर वाद घालत होता. तेव्हा, आज तुम्ही गरिबांसाठी काय करत आहात, असे त्याला विरोधकांनी विचारले. तो प्रश्न त्याच्या जिव्हारी लागला आणि मित्रांना घेऊन तो गरिबांच्या घरी जाऊ लागला. प्रश्न विचारणारे विश्वासणारे नव्हते, तरी देव त्यांच्याही तोंडून बोलला.

दुसरी गोष्ट, आमिषाच्या आरोपाची. आज प्रभू येशू म्हणतो की लोकांनी तुमची सत्कृत्ये पाहावीत. दहा दिवसांनी, राखेच्या बुधवारी, तोच आपल्याला सांगेल की दानधर्म गुप्तपणे करा, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका (मत्तय ६:१-४). मग दिसावे की दिसू नये? दोन्ही वचने नीट वाचली तर उत्तर सापडते. कृत्य दिसले तरी हरकत नाही, पण त्याचा मान आपल्याला मिळता कामा नये. तो स्वर्गीय पित्याला मिळाला पाहिजे. म्हणून मदतीच्या पिशवीवर आपल्या धर्मग्रामाचे नाव छापू नये. देताना फोटो काढू नयेत, कारण घेणाऱ्यालाही अब्रू असते. देण्यासोबत कोणतीही अट नको आणि मोबदल्याची अपेक्षाही नको. आणि शक्य तिथे एकट्याने न देता त्या वस्तीतल्या शिक्षिका, आशाताई, शेजारचे गणेश मंडळ यांना बरोबर घेऊन द्यावे. उघड्यावर, चार धर्मांच्या माणसांनी मिळून केलेल्या कामाला आमिष म्हणणे कठीण असते. आणि तरीही कोणी म्हणालेच, तर म्हणू द्यावे. मुलाची फी भरली गेलेली असेल.

या उपवासकाळासाठी

बंधुभगिनींनो, या चाळीस दिवसांत प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी कराव्यात अशी माझी नम्र विनंती आहे.

एक. आपल्या आळीतल्या किंवा इमारतीतल्या एका अन्यधर्मीय कुटुंबाकडे सहकुटुंब जावे. काही देण्यासाठी, सांगण्यासाठी किंवा शिकवण्यासाठी नव्हे. बसावे, चहा घ्यावा, त्यांचे ऐकावे. उपवास चालू असेल तर त्यांच्या उपवासाविषयी विचारावे आणि त्यांनी विचारले तर आपल्याविषयी लाज न बाळगता सांगावे.

दोन. ज्यांच्या खोल्या भाड्याने आहेत त्यांनी आपल्या भाडेकरूच्या घरातल्या प्रत्येकाचे नाव पाठ करावे आणि रात्रीच्या कुटुंबप्रार्थनेत, जपमाळ संपल्यावर, ती नावे देवापुढे ठेवावीत. ज्या माणसासाठी आपण रोज प्रार्थना करतो, त्याला 'बाहेरचा' म्हणायला जीभ रेटत नाही.

तीन. एका व्यवहारात आपली चव परत आणावी. कुणाचे देणे थकले असेल तर द्यावे. भावाशी अबोला असेल तर राखेच्या बुधवारापूर्वी त्याच्या दारात जावे. घरकामाला येणाऱ्या बाईचा पगार बऱ्याच वर्षांत वाढवला नसेल तर या महिन्यात वाढवावा. उपवासाच्या दिवशी मजुरांना राबवून घेता, हे यशयाचे शब्द आपल्याला लागू होऊ नयेत.

असे केले तर काय होईल, हेही यशयाने आजच्या वाचनात सांगितले आहे. तुमचा प्रकाश पहाटेसारखा उगवेल आणि तुमची जखम लवकर भरून येईल. जखम दुसऱ्याची नाही, तुमची. भुकेल्याला जेवू घालणारा स्वतः बरा होतो, हे देवाचे वचन आहे. आपल्या समाजाला ज्या काही जखमा आहेत, भीतीच्या, अपमानाच्या, आपापसातल्या दुहीच्या, त्यांवरचे औषध दार लावून घेण्यात नाही. आणि त्या अध्यायात पुढे, नवव्या वचनात, ज्या प्रार्थनेला उत्तर मिळत नव्हते तिला उत्तर मिळते. तुम्ही हाक माराल आणि देव म्हणेल, मी इथेच आहे.

आता आपण वेदीजवळ येऊ आणि ख्रिस्तशरीर स्वीकारू. भाकरीच्या रूपात तो आपल्यात विरघळून जातो आणि तरी पूर्णपणे ख्रिस्तच राहतो. त्याने आपल्यात मिसळावे आणि आपण मात्र पोत्यातच राहावे, हे बरे नव्हे.

प्रार्थना करू या :

हे प्रभू, तू आम्हांला या मातीत, या शेजाऱ्यांमध्ये ठेवले आहेस. आमची चव जाऊ देऊ नकोस आणि आम्हांला राशीतच पडून राहू देऊ नकोस. महाशिवरात्रीचा उपवास करणाऱ्यांवर, रमजानचे रोजे धरणाऱ्यांवर आणि राख कपाळी घेणाऱ्या आम्हां सर्वांवर तुझी कृपा असू दे. आमच्या हद्दीतल्या कोणत्याही घरात आज रात्री कोणी उपाशी झोपू नये, आणि झोपलेच तर त्याची भूक आम्हांलाही झोपू देऊ नये. संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू